सरईच्या मुलखात पाइन

भोपाळमध्ये महाराणा प्रताप नगर हे पूर्ण नाव कुणी घेत नाही. सगळे एम. पी. नगर म्हणतात. स्पर्धा परीक्षांच्या क्लासचे फलक, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांचं प्रेस कॉम्प्लेक्स आणि बोर्ड ऑफिस चौकातली गर्दी ही त्याची रोजची ओळख. ज्याच्या नावाने ही वस्ती आहे, त्या राजाने १५७६ च्या हळदीघाटानंतरची वर्षं अरवलीच्या रानात काढली आणि त्या रानात त्याला भिल्लांनी सांभाळलं. मेवाडच्या राजचिन्हावर एका बाजूला राजपूत आणि दुसऱ्या बाजूला धनुष्य घेतलेला भिल्ल आहे, तो याच ऋणापोटी. एम. पी. नगरातून अरेरा टेकडीकडे वळलं की सातपुडा भवन आणि विंध्याचल भवन लागतात. डोंगरांची नावं दिलेल्या सरकारी इमारती आहेत त्या. राज्यातल्या जंगलांचा कारभार याच राजधानीतून चालतो, आणि २००० साली छत्तीसगड वेगळं होईपर्यंत बस्तरच्या जंगलाचाही चालत होता. बस्तरमधल्या सालवृक्षांच्या जागी कॅरिबियन समुद्राकाठचा पाइन लावायचा, हा बेत इथल्याच टेबलांवर शिजला.

तो काळ आज डोळ्यांसमोर आणणं थोडं कठीण आहे. १९७२ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने आपल्या अंतरिम अहवालात सांगितलं की नैसर्गिक मिश्र जंगलं फार सावकाश वाढतात आणि उद्योगाला लागणारं लाकूड त्यांतून पुरेसं निघत नाही. ती तोडून एका जातीच्या, भराभर वाढणाऱ्या झाडांची मानवनिर्मित जंगलं उभी करावीत आणि त्यासाठी बँकेचं कर्ज घेऊ शकतील अशी महामंडळं काढावीत. महाराष्ट्राने १९७४ साली नागपुरात वनविकास महामंडळ काढलं, मध्य प्रदेशाने १९७५ साली भोपाळमध्ये. मागोमाग इतर राज्यांनी काढली. आयोगाचं एक म्हणणं मला आजही टोचतं. गावकऱ्यांना जंगलातून फुकट मिळणारं लाकूड-पाला-चारा आणि त्यांचे हक्क यांनीच जंगलाचा नाश केला, असं आयोगाने स्वच्छ मांडलं होतं. रेल्वेच्या स्लीपरांसाठी, जहाजांसाठी आणि दोन महायुद्धांसाठी झालेली तोड त्या हिशेबात मागे पडली.

देशात तेव्हा कागदाची टंचाई होती. मजबूत कागदाला लांब धाग्याचा लगदा लागतो. तो पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांपासून मिळतो आणि तेव्हा परदेशातून येत असे. उष्ण कटिबंधात वाढणारा पाइन म्हणजे मध्य अमेरिका, क्यूबा, बहामा इथला कॅरिबियन पाइन. तो बस्तरच्या पठारावर तगेल, आणि एकदा तगला की शेजारी लगद्याची गिरणी उभी राहील, असा हिशेब झाला. जागतिक बँकेने तांत्रिक साहाय्य देऊ केलं. लागवडीच्या चाचण्या आणि गिरणीचे अभ्यास सुरू झाले. या एका प्रकल्पावर रॉबर्ट अँडरसन आणि वॉल्टर ह्यूबर यांनी पुढे ‘द अवर ऑफ द फॉक्स’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं, इतका तो देशोदेशींच्या अभ्यासकांना महत्त्वाचा वाटला.

बस्तर हा तेव्हा एकच जिल्हा होता. क्षेत्रफळ ३९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे केरळ राज्याहून किंचित मोठा. माडिया, मुरिया, धुरवा, भतरा, हलबा अशा अनेक लोकांचा मुलूख. पश्चिमेला इंद्रावती ओलांडली की आपला गडचिरोली. बस्तरच्या बाजारात जी हलबी बोली सगळ्यांना समजते, ती ऐकताना मराठी माणूस थबकतो. कारण तिच्यातली षष्ठी आपल्याच घरची वाटते. ‘माझं’ म्हणायला ‘मोचो’, ‘तुमचं’ म्हणायला ‘तुमचो’, आणि बस्तरचं ते ‘बस्तरचो’. हा ‘चो’ मी मुद्दाम सांगतो आहे. पाइनच्या प्रकरणात खरा वाद त्याच अक्षराचा होता. जंगल कुणाचो?

सालाला तिकडे सरई म्हणतात. सरई हे झाड वनखात्याच्या रोपवाटिकेला कधी नीट वश झालं नाही. त्याचं बी पावसाच्या तोंडावर गळतं आणि जेमतेम आठवडाभर जिवंत राहतं. त्याला साठवून, पाठवून, दुसरीकडे पेरता येत नाही. झाडाखालच्या ओल्या मातीत पडलं तर पडलं. उगवलेलं रोप पहिल्या उन्हाळ्यात वरून मरतं, मुळं जमिनीत टिकतात, पुढच्या पावसात पुन्हा फुटतं, पुन्हा मरतं. अशी कित्येक वर्षं गेल्यावर एखाद्या साली त्या मुळांत बळ येतं आणि रोप सरळ वर निघून जातं. वृक्ष झाला की मग पिढ्यान् पिढ्या उभा. लागवडीच्या तक्त्यात, दर एकरी दर साली किती लाकूड या रकान्यात, अशा झाडाला जागा कुठे मिळणार? जे पेरता येतं, मोजता येतं, ठरल्या वर्षी तोडता येतं, ते झाड त्या तक्त्यात चांगलं ठरतं.

गावाचा तक्ता वेगळा होता. सरईच्या पानांचे द्रोण-पत्रावळी. सरईचा डिंक म्हणजे देवापुढचा धूप. बियांचं तेल. लग्नमांडवाला सरईच्या फांद्या. आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर सरईच्याच मुळांशी मातीतून निघणारं बोडा नावाचं भूछत्र. लहानशा बटाट्याएवढं, मातीने माखलेलं. जगदलपूरच्या बाजारात त्याचा भाव मटणाच्याही वर जातो, कारण ते शेतात लावता येत नाही. सरईच्या मुळांशी त्याचं असं नातं आहे की सरई गेली की बोडा गेला. पाइनखाली यातलं काहीही मिळणार नव्हतं. चिकट सुयांच्या थराखाली गवतही धड उगवत नाही, त्यामुळे गुरांनाही काही नाही.

भोपाळला जे नवं वाटत होतं, ते बस्तरच्या आठवणीत जुनं होतं. १९१० साली बस्तर संस्थानात भूमकाल झाला, म्हणजे आदिवासींचं मोठं बंड. जंगलं राखीव करून गावांना त्यांतून बाहेर काढणं आणि वेठबिगार ही त्याची कारणं. गावागावांत आंब्याची डहाळी आणि मिरच्या फिरल्या, आणि बंडाचा सांगावा पोचला. नेतानारच्या गुंडाधूरचं नाव त्या काळापासून बस्तरमध्ये आदराने घेतलं जातं. इंग्रजांनी फौज आणून बंड मोडलं. ज्या लोकांच्या आज्या-पणज्यांनी हे पाहिलं होतं, त्यांना ‘तुमचं जंगल तोडून अधिक चांगलं जंगल लावतो’ हे वाक्य कसं ऐकू आलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

विरोध तिथून वर सरकला. आदिवासींची बाजू मांडणारे प्रतिनिधी होते आणि दिल्लीतले पर्यावरणाचे अभ्यासक होते. सरकारच्या आतूनही माणसं उभी राहिली. ब्रह्मदेव शर्मा साठीच्या दशकाच्या अखेरीला बस्तरचे कलेक्टर होते आणि नंतर दिल्लीत गृहमंत्रालयात आदिवासी विकासाचं काम पाहत होते. गणिताचा हा माणूस आयुष्यभर एकच गोष्ट सांगत राहिला : आदिवासीचं अर्थशास्त्र जंगलावर उभं आहे, त्यामुळे जंगलाचा धंदा करायचा तर आधी त्याला मालक माना. १९८१ च्या सुमारास बस्तरची पाइन योजना गुंडाळली गेली. अशी माघार आपल्याकडे विरळा. नकाशा झाला, पैसा ठरला, तज्ज्ञ येऊन गेले आणि तरीही जंगल वाचलं.

त्याच वर्षांत पूर्वेला सिंहभूममध्ये हाच झगडा उघड्यावर आला होता. तिथे बिहारच्या वनविकास महामंडळाने सालाच्या जागी सागवान लावायला घेतला. १९७८ पासून हो आणि मुंडा लोकांनी रोपवाटिका उद्ध्वस्त केल्या, लावलेले साग उपटले. ‘साल म्हणजे झारखंड, सागवान म्हणजे बिहार’ अशी त्यांची घोषणा होती. ८ सप्टेंबर १९८० रोजी गुआ इथे गोळीबार झाला, आणि जखमी होऊन दवाखान्यात आलेल्या आदिवासींनाही गोळ्या घातल्या गेल्या. सागवान परदेशी नव्हता, आपल्याच देशातलं उत्तम झाड. तरीही तिथल्या लोकांना तो परका वाटला, कारण त्याचं फळ खाता येत नाही, त्याखाली गुरं चरत नाहीत, आणि त्याचं लाकूड विकून येणारा पैसा गावात थांबत नाही. झाड देशी की विदेशी, याहून ते कुणाच्या कामाचं, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. गडचिरोली आणि चंद्रपूरमध्ये मिश्र जंगलं तोडून साग लावणाऱ्या आपल्या महामंडळाला ग्रामसभांनी पुढे ज्या हरकती घेतल्या, त्यांतही हेच म्हणणं आहे.

१९८८ च्या राष्ट्रीय वननीतीत या सगळ्याचा ठसा दिसतो. जंगल उद्योगासाठी हा जुना क्रम बदलून आधी पर्यावरण, मग जंगलाकाठच्या माणसांच्या गरजा, आणि उद्योगाने शक्यतो आपला कच्चा माल शेतकऱ्यांकडून घ्यावा, असं त्यात म्हटलं. दीर्घकाळच्या शास्त्रीय चाचण्या झाल्याखेरीज परदेशी जाती लावू नयेत, हेही लिहिलं. बस्तरचं नाव त्यात कुठे नाही.

आता वणव्याकडे येतो. पाइनच्या बनाची आणि आगीची मैत्री जुनी आहे. कॅरिबियन पाइन आपल्या मायदेशी आगीच्या संगतीनेच वाढतो. जाड सालीमुळे मोठं झाड वाचतं आणि आगीने मोकळ्या झालेल्या जमिनीत त्याचं बी रुजतं. पण त्याच्या वाळक्या सुया आणि राळ यांचा थर सरईच्या मुलखात पसरला असता, तर आगीची चाल बदलली असती. हे कसं होतं ते पोर्तुगालने दाखवलं. तिथेही लगद्यासाठी निलगिरी आणि पाइन यांची बनं डोंगरभर पसरली, गावं ओस पडली, आणि १७ जून २०१७ रोजी पेद्रोगाव ग्रांदे भागात उठलेल्या वणव्यात ६६ माणसं गेली. कित्येक जण गाडीतून पळून जाताना रस्त्यावरच जळाले. त्याच वणव्यात फेरारिया द साओ जुआओ नावाच्या एका छोट्या गावाला बुचाच्या ओक झाडांच्या जुन्या राईने आडोसा दिला. वणवा विझल्यावर त्या गावाने एकत्र बसून ठरवलं की गावाभोवतीची निलगिरी काढायची आणि तिथे ओकसारखी आपली झाडं लावायची. शेजारी स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात २०१८ पासून स्वयंसेवकांच्या तुकड्या सुट्टीच्या दिवशी रानात जाऊन निलगिरी आणि बाभळीच्या परक्या जाती उपटतात. सिंहभूमच्या लोकांनी साग उपटला तेव्हा तो गुन्हा होता. हे लोक मात्र जमिनीच्या मालकाला विचारून उपटतात. फरक मालकीचाच आहे.

आपल्याकडच्या आगीचा इतिहास भोपाळपासून फार दूर नाही. नर्मदेच्या दक्षिणेला, सातपुड्यात, बोरीचं जंगल आहे. १८६५ च्या वनकायद्याखाली राखीव झालेल्या देशातल्या पहिल्या जंगलांत त्याची गणना होते. मध्य प्रांताचे पहिले वनसंरक्षक कर्नल पिअर्सन यांनी त्याच दशकात तिथे जाळरेषा काढून आग रोखायचा प्रयोग केला. तोवर सगळे म्हणत की उन्हाळ्यात मध्य भारताचं रान पेटणारच. पिअर्सन यांनी ते थांबवता येतं हे दाखवलं, आणि मग आग लावणं हा गुन्हा झाला. पण आग लावणाऱ्यांत बैगा आदिवासीही होते. थोडं रान जाळून राखेत पेरणी करायची त्यांची बेवर शेती हा त्यांचा धर्म होता, नांगराने धरतीची छाती फाडणं पाप होतं. त्यांना ‘बैगा चक’ नावाच्या एका पट्ट्यात कोंडलं गेलं. दुसरीकडे बंगाल-आसामच्या ओलसर सालवनांत आग पूर्ण बंद केल्यावर काही दशकांनी वनअधिकाऱ्यांच्याच लक्षात आलं की सालाचं नवं रोप उगवेनासं झालंय, झाडोरा माजलाय, आणि मग त्यांनी स्वतःच बेताने जाळायला सुरुवात केली. किती आग, कधी आणि कुठे, हे ज्ञान ज्यांच्याकडे होतं त्यांना विचारलं असतं तर ती दशकं वाचली असती, असं मला वाटतं.

१९२७ चा भारतीय वन कायदा आजही लागू आहे. त्यात राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, हे ठीक. पण कुणी मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्कच काही काळ थांबवू शकतं. म्हणजे एकाच्या काडीची शिक्षा अख्ख्या गावाला. आणि त्याच कायद्याचं ७९ वं कलम म्हणतं की जंगलात ज्याला हक्क आहे, त्याने आगीची खबर दिली पाहिजे, विझवायला धावलं पाहिजे. एका हाताने हक्क काढून घ्यायचा, दुसऱ्या हाताने धावायला सांगायचं. माणूस धावतो ते कलमामुळे धावत नाही.

मध्य भारतातली बहुतेक आग दोन कामांतून उठते आणि ती दोन्ही पोटाची कामं आहेत. मार्चच्या अखेरीला मोहाची फुलं पहाटे गळतात. ती पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. एखाद्या वेळी वारा सुटतो, आग झाडाखालून निघून डोंगर चढते. दुसरं काम तेंदूचं. मे महिन्यात विडीसाठी कोवळी, मोठी पानं हवी असतात. ती यावीत म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं बुडाशी छाटतात, आणि छाटायचा खर्च वाचवायला काही ठिकाणी ठेकेदारांची माणसं सरळ रानाला काडी लावून देतात. जळालेल्या बुडख्याला पालवी भराभर फुटते. मध्य प्रदेशाने तेंदूपत्त्याचा व्यापार १९६४ साली सरकारी केला, महाराष्ट्राने १९६९ साली. एक बोरा भरायला मध्य प्रदेशात पन्नास पानांच्या हजार गड्ड्या लागतात. उन्हाळ्यात दुसरी मजुरी नसलेल्या घरात या पैशावर पावसाळ्याचं बियाणं येतं. म्हणून तेंदू सोडा, असं कुणी शहरातून सांगू नये.

भोपाळने आगीवर एक चांगला उपाय शोधला. २००६ च्या सुमारास मध्य प्रदेश वनखात्याने अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या मदतीने उपग्रहावरून आगीची खबर घ्यायला सुरुवात केली. जमिनीवरचा तापलेला ठिपका उपग्रह टिपतो, तो ठिपका कोणत्या बीटमध्ये, म्हणजे कोणत्या वनरक्षकाच्या हद्दीत आहे ते संगणक शोधतो, आणि त्या वनरक्षकाच्या मोबाइलवर निरोप जातो. वनखात्याचं मुख्यालय तेव्हा सातपुडा भवनात होतं. पुढे राष्ट्रीय पातळीवरही अशी यंत्रणा आली. १२ जून २०२३ रोजी त्याच सातपुडा भवनाच्या तिसऱ्या मजल्यावर आग लागली. तो मजला आदिवासी विभागाच्या कचेरीचा होता. आग सहाव्या मजल्यापर्यंत गेली, आरोग्य खात्याचे कागद खाक झाले, आणि धूर शहरात लांबून दिसला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की खबर मिळणं आणि आग विझणं यांत किती अंतर असतं.

ते अंतर जंगलात माणसंच भरून काढतात. राज्याचं जंगल ७७ हजार चौरस किलोमीटरांहून जास्त, आणि मोबाइल हातात असलेला वनरक्षक एका बीटला एकटा. तो पोचेपर्यंत हिरव्या डहाळ्या घेऊन गाव पोचलं असेल तर वणवा थांबतो. नाहीतर सकाळपर्यंत डोंगर काळा. आणि गाव पोचेल की नाही, हे त्या ‘चो’वर ठरतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्ती जपण्याचा आणि तिचं व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने त्याच्याही आधीपासून, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून, आपले नियम स्वतः घालून घेतले होते. त्यांत रानात आग न लावणं आणि लागली तर सगळ्यांनी विझवणं होतं. २००९ साली अठराशे हेक्टर जंगलावर त्यांचा हक्क कागदावर आला.

पण या सगळ्यात मला सर्वांत धीट वाटतो तो पाचगावचा निर्णय. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं हे छोटं गाव, गोंड आणि इतर समाजांची साठेक घरं. २०१२ साली त्यांना १००६ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. लोकांनी एकत्र बसून नियम लिहिले. बांबू तोडायचा, पण बेताने, आणि विकायचाही आपणच. जंगलातला सर्वांत जपलेला ३४ हेक्टरचा तुकडा त्यांनी देवराईसारखा राखून ठेवला, तिथे तोड नाही. आणि मग तेंदूवर चर्चा आली. हातात येणारा रोख पैसा होता तो. पण पानं गोळा करायची म्हणजे झुडपांची छाटणी आली, आणि छाटणीमागून आग. त्यांनी तेंदूपत्ता गोळा करणं थांबवलं. कुणी बंदी घातली नव्हती, कुठला आदेश नव्हता. बांबूच्या पैशावर आणि कामावर भागवायचं त्यांनी ठरवलं, आणि त्यासाठी आधी जंगल आपलं असावं लागलं.

तेंदूचं झुडूप दरवर्षी छाटलं-जाळलं की झुडूपच राहतं. छाटलं नाही तर ते झाड होतं, आणि झाड झालं तरच त्याला फळ धरतं. पाचगावच्या रानात आता उन्हाळ्यात टेंभरं पिकतात. पिवळी, चिकूच्या चवीच्या जवळची, आत चपट्या बियांची. जांभळं अजून हिरवी असतात त्या दिवसांत मुलं ती वेचून खातात, आणि उरलेली अस्वलं.